खिंडीकडच्या भागासाठी एक ओळ

विभागीय हवामान कार्यालयात काकांचं टोपणनाव 'अंशतः' होतं. पाठीमागे, अर्थात. आयुष्यभर 'आकाश अंशतः ढगाळ राहील' असं लिहून लिहून त्यांची जीभही तशीच वळली होती. चहा घेणार का विचारलं, तर "घेण्याची शक्यता आहे." वाढदिवसाला येणार का, तर "बहुतेक." बायको म्हणायची, "अहो, माझ्याशी लग्न करायचंय की नाही, हेसुद्धा तुमच्या वडिलांनाच सांगावं लागलं!"

कार्यालय बसस्थानकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या काचा ऊन डोळ्यांवर येतं म्हणून कुणीतरी कधीकाळी रंगवून टाकलेल्या, त्यामुळे बाहेर पाऊस पडतोय का हे बघायला हवामानखात्याच्या माणसांना जिना उतरावा लागे. हीटर एकच, आणि तो इमानदारीत फक्त कपाटाचे पाय शेकत असे. तिथे एक अलिखित नियम होता: घरच्यांना वेगळा अंदाज द्यायचा नाही. जगाला जे सांगू तेच घरी. पूर्वी कुणीतरी मेव्हण्याला खाजगीत "कोरडं जाईल" म्हणून सांगितलं, मेव्हण्याने लग्नाचं जेवण उघड्या मैदानावर ठेवलं, आणि त्या भिजलेल्या जेवणापासून दोन घरांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. काका हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळत.

त्या वर्षी पानगळ संपता संपता सुट्टीचा आठवडा आला. काकांची मुलगी खिंडीच्या पलीकडे राहायची. उन्हाळ्यात तिला मुलगी झाली होती, आणि आजीने, म्हणजे काकांच्या बायकोने, नात अजून फोटोतच पाहिली होती. छातीच्या दुखण्याने तिचा गेले दोन हिवाळे पिच्छा पुरवला होता. डॉक्टरांनी तिला प्रवासाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. पुढच्या वर्षाबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर औषधांबद्दलच बोलत राहिले. पहिलं मोठं बर्फ पडलं की खिंड थेट वसंतापर्यंत बंद. म्हणजे येणं झालं तर याच आठवड्यात. जावई गाडी जपून चालवणारा, त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "सासरेबुवांच्या अंदाजाशिवाय आमचं चाक हलायचं नाही." यात मान किती आणि टोमणा किती, हे काकांना कधी कळलं नाही.

रविवारी नकाशे आले. सोमवारी पाऊस आणि धुकं. बुधवारी संध्याकाळी खिंडीत बर्फ, मग शेवटपर्यंत बर्फच. पण मधे, मंगळवारी पहाटेपासून बुधवार दुपारपर्यंत, ढगांच्या दोन पट्ट्यांमधे एक स्वच्छ फट दिसत होती. पहाटे निघावं, उजेडात खिंड ओलांडावी, एक रात्र राहावं, बुधवारी सकाळी परतावं. बाळाला मांडीवर घ्यायला एक रात्र पुष्कळ झाली.

साप्ताहिक अंदाजात खिंडीकडच्या भागाला एकच ओळ मिळे. काकांनी लिहिलं, "हवामान खराब, मंगळवारी तात्पुरती उघडीप." मोठ्या बाईंनी, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुखांनी, शेवटचे तीन शब्द खोडले.

"काका, उघडीप लिहिली की लोक तेवढीच वाचतात. पुढचं कोण बघतं? दुपारी आळस झटकून पोराबाळांसकट निघतील, आणि वर अडकतील. मग आपल्या नावाने शंख."

"तेही खरंच आहे," काका म्हणाले. बाईंच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच खोडलं असतं. ओळ झाली, 'आठवडाभर हवामान खराब, प्रवास टाळावा.'

तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, येऊ का आम्ही?"

"पाचला अंदाज सांगतील रेडिओवर. ऐक."

"तो ऐकेनच हो! तुम्ही सांगा ना. हवामानखातं नको, बाबा म्हणून बोला."

बाई खाली चहाला गेल्या होत्या. खोलीत ऐकणारं कुणी नव्हतं. काकांनी समोरच्या कागदावरच्या खोडलेल्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं.

"माझा वेगळा काय असणार? अंदाज तोच."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि मग उगाचच, "बाळाला दात येतोय."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बायको रेडिओजवळच बसली होती. आतल्या खोलीतला पलंग झटकून त्यावर नवी चादर अंथरलेली.

"तुम्ही लिहिलंत?"

"आम्ही लिहिलं."

"आठवडाभर?"

"आठवडाभर."

तिने रेडिओ बंद केला.

सोमवारी सांगितल्याबरहुकूम पाऊस लागला. मंगळवारी सकाळी ऊन पडलं, आणि ते असं, की समोरच्या घरांची कौलं वाफाळायला लागली. काकांची त्या दिवशी सुट्टी. बायकोने खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली आणि आकाशाकडे बघतच विचारलं, "हे माहीत होतं तुम्हाला?"

"शक्यता होती."

"मला सांगायचं होतंत."

"अगं, नियम असतो. जनतेला जे सांगतो तेच..."

"मी जनता आहे?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

अकराच्या सुमारास फोन वाजला. "बाबा, इकडे लख्ख ऊन! हे स्वतःहून म्हणतायत, निघू या. बाळाला टोपरं घालून बसलोय. निघू ना?"

आता निघाले तर खिंडीत पोचेपर्यंत अंधार पडणार. सोमवारचा सगळा पाऊस अजून त्या रस्त्यावर होता. संध्याकाळी तो गोठणार, आणि वळणं कशी आहेत ते काकांना ठाऊक होतं. खिडकीपाशी बसलेली बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"नको," ते म्हणाले.

"अहो बाबा, पण ऊन..."

"नको म्हणतोय ना! अंधारात रस्त्यावर बर्फ धरेल. निघू नका."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडलं. मग मुलीने हळूच विचारलं, "आणि पहाटे निघालो असतो तर?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. ते सवयीने सुचलंच नाही. "तर आत्तापर्यंत खिंड ओलांडली असती."

फोन तिकडून ठेवला गेला. बायकोने खुर्ची होती तिथे परत नेऊन ठेवली. मदतीला आलेल्या काकांचा हात तिने बाजूला केला.

बुधवारी संध्याकाळी खिंडीत बर्फ सुरू झालं आणि गुरुवारी रस्ता बंद झाल्याची बातमी आली. मोठ्या बाई खुशीत होत्या. "काका, तंतोतंत! एकही गाडी अडकली नाही यंदा. तुमचा चहा माझ्याकडून." काकांनी तो घेतला. काचा रंगवलेल्या, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं. नाहीतरी त्यांना माहीतच होतं.

घरी आले तेव्हा आतल्या पलंगावरची चादर घडी होऊन कपाटात गेली होती. बायको पडून होती, खोकून खोकून थकलेली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"खिंड कधी उघडते हो?"

इतक्या वर्षांच्या नोंदी काकांना पाठ होत्या. लवकरात लवकर कधी, उशिरात उशिरा कधी, सरासरी कधी. डॉक्टर काय बोलले नव्हते, तेही पाठ होतं.

"लवकर," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे जरा वेळ नीट पाहिलं, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.