माडाचं ओलं आळं

कळव्याच्या आमच्या सोसायटीत एकच माड आहे. शेजारच्या काकूंनी इमारत नवी असताना गुहागरहून रोप आणून लावलेला. मध्यंतरी कमिटीने आवार सुशोभित केलं, म्हणजे होती नव्हती ती माती पेव्हर ब्लॉकखाली गाडली आणि बुंध्याला चिकटून संगमरवरी आळं बांधलं. आळ्यात ओलावा मोजणारं यंत्र रोवलं. माती सुकली की ठिबकचं पाणी आपोआप सुरू होणार. उद्घाटनाला फीत होती, भाषण होतं. पाणी तेवढं नव्हतं, टँकर यायचा होता.

मार्चपर्यंत झावळ्या पिवळ्या पडून लोंबू लागल्या, बोंडं गळू लागली. सेक्रेटरींनी जाहीर केलं, पावसापर्यंत सुधारलं नाही तर परवानगी काढून झाड तोडू. तिथे दोन गाड्या मावतील.

"काकू, ओलावा भरपूर आहे," मोबाईल पुढे करत ते म्हणाले. "सगळं ग्रीन दाखवतंय."

"तुमचा मोबाईल हिरवा आहे हो. झाड पिवळं आहे."

मी सकाळी खिडकीत चहा घेतो. तिथून दिसलं की पूजेचं पाणी पायदळी नको म्हणून अर्धी सोसायटी ते त्याच आळ्यात ओतते. तांब्यामागून तांब्या, त्यात सेक्रेटरींचाही. यंत्र त्या तीर्थात तृप्त, त्यामुळे ठिबक एकदाही सुटलंच नव्हतं. माडाची पाणी पिणारी मुळं मात्र बुंध्यापासून लांबवर पसरतात, हे शेतीच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं. ती ब्लॉकखाली ठणठणीत कोरडी.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं.

"म्हणजे आता पूजा बंद करायची का?" एकाने विचारलं. आमच्याकडे कुठलाही विषय इथवर यायला फार वेळ लागत नाही.

"पूजा करा," काकू म्हणाल्या. "ब्लॉक काढा."

"ब्लॉकची वॉरंटी जाईल," सेक्रेटरी म्हणाले.

"जाऊ दे. माड जातोय."

दुसऱ्या दिवशी काकूंनी खुर्ची टाकली आणि समोर बसून भोवतालचे ब्लॉक उपटून घेतले. उघड्या मातीवर नारळाची सोललेली सोडणं पसरली, ठिबकची नळी तिथवर ओढली, यंत्रही तिथेच हलवलं. मोबाईल लगेच लाल झाला आणि पाणी सुटलं. पावसाच्या तोंडावर शेंड्याला नवी झावळी आली, सरळ आणि हिरवी.

ऑगस्टमध्ये वृक्षसंवर्धनाबद्दल सेक्रेटरींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. श्रीफळ बाजारातून आणलेलं. मी चिडून काकूंच्या दारात गेलो.

"घेऊ दे रे त्यांना शाल," त्या म्हणाल्या. "शाल अंगावर असेपर्यंत तोडायचं नाव काढणार नाहीत."