शेळी गोठ्यात गेली

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदूरघाटच्या शाळेत हजेरी घेत होते. हृदयविकाराचा झटका, तोही चाळिशीच्या आत... पुढची नावं कशी वाचली, आठवत नाही.

लिंबागणेशच्या शेळ्या राखणाऱ्या घरातला हा पोरगा संगणक शिकला आणि अंगणवाडीच्या मुलांसाठी गोष्टींचं ॲप करू लागला. त्यातल्या शेळीला आणि तिच्या करडाला आवाज माझा. गोष्ट संपली की शेळी गोठ्यात जायची, पडदा काळा व्हायचा. मग मुलानं बाहेर जाऊन तिच्यासाठी खराखुरा पाला आणायचा. बक्षिसाच्या घंटा नाहीत, चांदण्या नाहीत. मूल चित्र बघत रमलं तर शेळी रवंथ करत थांबायची. मुलं कंटाळतील, असं मी म्हटलं होतं. "चरत्या शेळीला सारखी हाक मारली तर ती चरत न्हाई, ताई," तो म्हणाला. "नुसती मान वर करून बघत राहती. लेकराचं बी तसंच हाय."

पुढे एका कंपनीनं ॲप विकत घेतलं. पाला आणला हे मशीनला कळणार कसं, असं साहेबांनी विचारलं. लेकराला कळतंय की, असं हा म्हणाला, तर सगळे हसले म्हणे. चौसाळ्याच्या हॉटेलात आम्ही शेवटचे भेटलो तेव्हा त्याचा चहा तसाच गार झाला. "आपल्या शेळीला लेकरं धरून ठेवायला लावलंय," एवढंच बोलला.

कंपनीनं बीडला शोकसभा घेतली. फोटोला हार, आणि शेजारी मोठ्या पडद्यावर 'विलाससरांचं स्वप्न'. शेळीच्या गळ्यात घंटा, जिकडेतिकडे नाण्यांचा पाऊस. साहेबांनी ॲप बंद करायला बोट लावलं आणि माझाच आवाज आला, "जाऊ नको ना..." विलासच्या गोष्टीत चरायला निघालेल्या आईला करडू म्हणतं, ते वाक्य. तिथून कापून इथं चिकटवलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मला शिसारी आली. या माणसांची आली, आणि स्वतःच्या आवाजाचीही. तो काढून टाका म्हटलं, तर साहेब हसून म्हणाले, "तोच तर चालतो, मॅडम." पुढ्यातली कचोरी तशीच ठेवून मी उठले.

तिथून विलासच्या घरी गेले. त्याची चार वर्षांची लेक ओसरीवर त्याचा जुना टॅब घेऊन बसली होती. त्यात अजून त्याचीच शेळी आहे. ती गोठ्यात गेली, पडदा काळा झाला. पोर उठली, अंगणातून लिंबाचा पाला आणून तिनं काचेवर ठेवला. परत लावायची का गोष्ट, मी विचारलं.

"आता न्हाई," ती म्हणाली. "ती खातीय."