कमानीवरचा गणपती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तालमीतल्या एकाही दोस्ताला नाही. तुम्ही आमच्या पेठेतले नाही, म्हणून तुम्हाला लिहून सांगणं जमेल असं वाटतंय — बघू.

आमच्या गल्लीच्या तोंडाला संस्थानच्या वेळची दगडी कमान आहे. काळा दगड, दोन्ही बाजूंना मोर आणि मध्यावर वीतभर उंचीचा कोरीव गणपती. होता, म्हणायला पाहिजे. आता तिथं सिमेंटचा गिलावा आहे. बाहेरचे लोक फोटो काढायला येतात, इथं काय होतं म्हणून विचारतात. गल्लीतलं कुणीही सांगतं — गणपती होता, एका ट्रॅक्टरवाल्यानं फोडला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या तालमीची गणेशोत्सवाची मूर्ती आमच्यापेक्षा उंच असणार अशी कुणकुण लागली, आणि मी कुंभाराकडं जाऊन मुकुट वाढवून घेतला. तालमीचा अध्यक्ष मी, मापंही माझीच. कमानीची उंची घेतली. मधला दगडी गणपती कमानीतून खाली उतरलेला होता, तो मापात धरायचा राहिला. इतकी साधी चूक. कबूल केली असती तर? चार दिवस लोक हसले असते.

मूर्ती आणायला गडहिंग्लजचा मल्लाप्पा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला होता, देवाचं काम म्हणून. मी ट्रॉलीवर मूर्तीच्या खांद्याशी उभा — विजेच्या तारा बांबूनं उचलायला. कमानीशी मुकुट आणि त्यामागचा लोखंडी अँगल, दोन्ही अडले. मल्लाप्पानं ट्रॅक्टर थांबवला. दोन्ही उतरवता आले असते. पण नाक्यावर शेजारची तालीम बघत उभी होती. खाली हलगी-घुमक्याचा दणका, गुलाल. वर कुणाचं लक्ष नाही. फळ्या ठोकायचा हातोडा पायाशी होता. मी... मी त्या दगडी देवाच्या तोंडावर घाव घातले. एका घावात तुटला नाही. बरेच घालावे लागले. मग पुढं घे म्हणून ओरडलो. गाडी हलली आणि ट्रॉलीवर साठलेले तुकडे रस्त्यावर पडले.

वाद्यं थांबली. सगळे वर माझ्याकडं बघायला लागले.

"ह्येनं गाडीला हिसका दिला की! अँगल लागला," मी म्हणालो.

विचार करायला वेळ नव्हता, असं लिहिणार होतो. होता वेळ.

पोरांनी मल्लाप्पाला खाली ओढलं. कुणी कानफटात मारली, कुणी कॉलर धरली. "ओ पावणं, डोळं फुटलं हुतं काय?" मी ट्रॉलीवरच. आता हा नाही म्हणणार, आपण उघडे पडणार, असं वाटत होतं. पण त्यानं वर माझ्याकडं बघितलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. "लागला आसंल. मला वरचं दिसत न्हवतं," म्हणाला. मग कमानीखाली सगळ्यांच्या देखत त्यानं नाक घासलं. तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी?

पुढच्या वर्षी तो एस.टी.नं आला. ट्रॅक्टर विकला म्हणाला, स्टिअरिंगवर हात धजेना. तेव्हापासून दर गणेश चतुर्थीला येतो. कमानीखाली दूर्वा ठेवतो, पण नारळ फोडत नाही. तो माझ्या हातात देतो.

"माज्या हातनं येकदा देव फुटलाय, अध्यक्ष. तुमीच फोडा."

मी फोडतो. खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवतो, आणि त्याच्याबरोबर मीही खातो.