शिट्टी वाजवणारं दार

माझ्या सासऱ्यांची गाडी शिट्टी का वाजवते, हे अख्ख्या पनवेल तालुक्यात फक्त मला ठाऊक असायला हवं होतं. आणि नेमकं मलाच ठाऊक नव्हतं.

सासरे म्हणजे दादा, आपटा गावचे. काशीयात्रेला निघताना त्यांनी आपली नवीकोरी गाडी पंधरा दिवसांसाठी माझ्या हवाली केली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण या माणसाने मला कधी सायकलसुद्धा दिली नव्हती! किल्ली देतानाही ती थोडा वेळ आम्ही दोघांनी धरून ठेवली होती.

"जावयबापू, बॅटरी उतरू नये म्हनून देतंय. एक वरखडा नाय आला पायजे."

"दादा, वीस वर्षं चालवतोय मी!"

"काय? फोन?"

दुसऱ्याच दिवशी नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीचं फाटक सरकत सरकत माझ्या अंगावर आलं. (फाटक जागेवरच होतं, असं सांगणारे पाच साक्षीदार आहेत, पण ते पाचही जण पार्किंगवरून माझ्यावर खार खाऊन आहेत.) डावीकडचं पुढचं दार असं आत गेलं की तिथे बसलेली सुनंदा, म्हणजे माझी बायको, जवळजवळ माझ्या मांडीवर आली.

"अहो, दादांना काय सांगणार?"

"काहीच नाही! ते यायच्या आत गाडी होती तशी करतो."

बारा वर्षांनी मिळालेली किल्ली होती ती. परत गेली असती तर पुढची बारा वर्षं रिक्षा!

कामोठ्याच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी दार ठोकून, रंगवून असं बसवलं की बनवणाऱ्यालाही ओळखू आलं नसतं. मी खूश! सुनंदा रस ऑर्डर करायला समोर गेली, तेवढ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला बारीकसा बिब्बा मी दाराच्या वरच्या कोपऱ्यात, रबराच्या आत दडवला. (सोसायटीच्या गणपतीत 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर दरवर्षी मीच बोलतो, तेव्हा उघड्यावर टांगायची सोय नव्हती. पण नजर ती नजर!)

हायवेला लागलो. साठला दार कुजबुजलं. सत्तरला "सूंऽऽऽ". ऐंशीला असा टिपेचा सूर लागला की पुढच्या ट्रकवाल्याने रुग्णवाहिका समजून वाट दिली!

"अहो, ही रडतेय!"

गाडी उलट कामोठ्याला. गॅरेजच्या अलीकडे थांबून सुनंदाला रिक्षाने घरी पाठवलं, मग बिब्बा काढला, खिशात घातला. (कारागीर माणूस, काय म्हणाला असता!) रफिकभाई शेजारी बसले, मी गाडी ऐंशीला नेली. चिडीचूप!

"साहेब, आवाज किधर है?"

"तुमच्यासमोर लाजतेय."

त्यांनी रबर बदललं. कोपऱ्यावर वळताच मी बिब्बा परत जागेवर ठेवला. खांदेश्वर यायच्या आत शिट्टी सुरू! दुसऱ्या खेपेला (बिब्बा पुन्हा खिशात!) त्यांनी फट शोधायला दारात कागदाच्या पट्ट्या अडकवून ओढून पाहिल्या. एकही सुटून आली नाही. बिजागरी सैल केली, घट्ट केली. तिसऱ्या खेपेला दाराच्या कडांना चहूबाजूंनी चिकटपट्टी लावून गाडी फिरवली, पट्टी काढून फिरवली. शांत म्हणजे अगदी शोकसभा!

"जनाब, दार ठीक आहे," रफिकभाई हात पुसत म्हणाले. "एकदा कान दाखवून घ्या."

दाखवले! कानांत काही नव्हतं. सुनंदाच्या मते दोन्ही कानांच्या मध्येही नव्हतं. तोवर माझी अवस्था अशी झाली होती की घरात कुकरची शिट्टी झाली की मी पायाने ब्रेक शोधायचो. वरणाला चार शिट्ट्या, मला चार ब्रेक!

रविवारी सकाळी दादा पनवेल स्टेशनवर उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावरून हात फिरवला.

"बरी ठेवलीत," म्हणाले आणि नेमके डावीकडे पुढे बसले.

आपट्याच्या वाटेवर मी गाडी चाळिसाच्या वर जाऊ देईना. सायकलवाले मागे वळून बघत पुढे जाऊ लागले.

"जावयबापू, वरातीत हाय का आपुन? दाबा!"

दाबली. सूंऽऽऽ! मी खोकलो. मागून सुनंदाने जीव तोडून आरती धरली.

"थांबा," दादा म्हणाले.

ते उतरले. दार उघडून रबरावरून एकच बोट फिरवलं आणि वरच्या कोपऱ्यातून माझा बिब्बा ओढून काढला.

"ह्यो काय? ह्याच्या फटीतनं वारा शिरतंय!"

"दादा, नजर लागू नये म्हणून…"

"म्हणजे?" मागून सुनंदा ओरडली. "त्या रफिकभाईंना तीनदा दार खोलायला लावलंत, ते यासाठी?"

"नजरंचा बिब्बा लोकं पुढं टांगतात, दिसंल असा," दादा शांतपणे म्हणाले. "जो लपवून ठेवतो, तो गाडी ठोकून आलेला असतो. खांब का फाटक?"

"फाटक," मी म्हणालो.

दादांनी तोच दोरा बिब्ब्यासकट माझ्या मनगटाला तीन गाठी मारून बांधला. "गाडीला काय झाला नाय. इलाज करायचा तर हितं करा." मग त्यांनी हात पुढे केला आणि मी किल्ली दिली. या वेळी मात्र कुणीच ती धरून ठेवली नाही.

आपट्यापर्यंत गाडीने चकार शब्द काढला नाही. मागच्या सीटवरून मीही नाही.

गाठ अजून सुटलेली नाही. दर रविवारी दादा येऊन तपासतात. त्यामुळे यंदाच्या गणपतीत 'अंधश्रद्धा आणि आपण' हे व्याख्यान मी देणार आहे, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून!