खळ्यात बूट

गॅरेजातल्या जळक्या तेलाचा वास आला की जालन्याच्या माळावर गोल्फ खेळणारा साहेब आठवतो आणि आजही डोकं तापतं. तिथं गवत टिकत नसे, म्हणून चेंडू घालायचं भोक वाळू उडू नये म्हणून जळकं तेल पाजलेल्या वाळूच्या गोलात होतं. खेळ झाला की तो स्वतः वाळूवर गोणपाट ओढून आपल्या पावलांचे ठसे पुसायचा. मला तो भला वाटायचा.

एकदा चेंडू आमच्या नुकत्याच सारवलेल्या खळ्यात पडला.

आई म्हणाली, "सायेब, पायताण काढा. उद्या जवारी मळायची हाय."

खिळ्यांच्या बुटांनी खळं उकरत तो चेंडू घेऊन गेला.

"त्याला कळत न्हाई का गं?" मी विचारलं.

"वाळूवर बराबर कळतंय की."

बैल एका दिवसापुरते मागून आणलेले, सारवण पुन्हा वाळेपर्यंत थांबता आलं नाही; उकरलेल्या खळ्यातच मळणी केली. वर्षभर आमच्या भाकरीत माती कचकचली.