गप म्हंजे होकार

"एका शेतकऱ्याला लई म्हशी चालत्यात, पन एका म्हशीला दोन मालक न्हाई चालायचे!" शेजारच्या टेबलावर सपोर्टवाले दादा समजावत होते.

आमच्या डेअरीचं डेटा मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर अपडेट करायला ते पारनेरहून मोटारसायकलवर येतात. हेल्मेट प्रिंटरवर ठेवून आधी स्क्रीनवर फुंकर मारतात. माहितीचे दोन तक्ते रेषेनं जोडले की त्यांच्या भाषेत सोयरीक जमते. कॉलेजात मी त्याला 'रिलेशनशिप' म्हणायला शिकले, पण तो शब्द ऑफिसात मोठ्यानं उच्चारायची माझी हिंमत नाही.

तसं मी फारसं काहीच बोलत नाही. दादांनी काही विचारलं तरी गप्प असते. मग तेच हसून म्हणतात, "पोरगी गप म्हंजे होकार!" आणि बटण दाबतात.

आज माझ्या कॉम्प्युटरची पाळी होती. महिनाभर जुळवलेला आराखडा त्यात होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"ताई, जुनं समदं पुसून नवं टाकू ना?"

मी गप्प.

"होकार!" त्यांचा हात माउसकडे गेला.

"थांबा दादा!" मी एवढ्या जोरात ओरडले की सगळं ऑफिस वळून बघू लागलं. "होकार नाहीये! माझ्या सगळ्या सोयरिकी मोडतील!"