साडभाऊंचं तेहरान

"हात नका लावू! हात नका लावू म्हन्तो नं! इराण हाय त्याच्यात!"

मी हात लावलाच नव्हता. नुसतं पाहिलं होतं. पण आमच्या साडभाऊंच्या घरी त्या टेपरेकॉर्डरकडे पाहणं हासुद्धा अर्धा गुन्हा. त्या दिवशी त्यांचा आवाज मलकापूरच्या स्टेशनापर्यंत गेला असावा. एखादी मालगाडी घाबरून थांबलीही असेल, मी चौकशी केली नाही. टेबलावर टेप होता, टेपच्या पोटात कॅसेट होती, शेजारी पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता, आणि थोड्याच वेळात त्या मोबाइलमध्ये जर्मनीहून एक बाई येणार होती. आपला मेलेला बाप गात होता कसा, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकायचं होतं, आणि तो आवाज सगळ्या जगात फक्त मलकापुरात शिल्लक होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी साडभाऊ सांगावे लागतात. माझं ठाम मत आहे, इराणबाहेर इराणचा एवढा मोठा माणूस दुसरा झाला नाही; आणि इराणला त्याचा पत्ताही नाही. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर जिनिंगमध्ये कापूस पारखला. चिमटीत बोंड धरलं की ते कोणत्या गावच्या, कोणत्या शेताच्या धुऱ्यावरचं, आणि वेचणारीचं त्या दिवशी सासूशी भांडण झालं होतं का, इथपर्यंत सांगत. पण मन कापसात नव्हतं. ते कॉलेजला पुण्यात होते तेव्हाच इराणला गेलं, ते परत आलंच नाही.

त्या काळी पुण्यात इराणी पोरं खूप शिकायला. साडभाऊंच्या खोलीत बेहरूज नावाचा एक उंचापुरा पोरगा होता. तेहरानात मित्रांबरोबर त्याचा बँड होता. पुढचं सगळं ज्ञान साडभाऊंना त्याच्याकडून मिळालं आणि आम्हा नातेवाइकांना साडभाऊंकडून, आम्ही मागितलं नसताना. "पाह्य," ते सुरू करत, "त्या पोराइनं रेडिओवर अमेरिकेचं ऐकलं. विजेचं गिटार घेतलं, आवाज फाडनारी पेटी घेतली. सायकेडेलिक रॉक म्हन्तेत त्याले. आता तसंच्या तसं वाजवलं असतं तं नक्कल झाली असती. पन बोटं कोनाची? आज्याची! आज्या संतूर वाजवे. आपल्या भजनाच्या पेटीत दोन पट्ट्याइच्या मंधी जो सूर राह्यते नं, जो वाजवताच येत नाई, तो त्याइले पाठ. तो त्याइनं गिटारातून काढला. ठेका लग्नातला, शब्द जुन्या शायराइचे, अन् आवाज असा का मानूस बसल्या जागी तरंगते." हे बोलताना ते स्वतः खुर्चीतून चार बोटं वर उचलले जात. मी पाहिलंय.

नादाची परीक्षा ते कुठेही करत. उंद्रीला एका लग्नाच्या वरातीत बेंजोवाला पोरगा गाडीवरच्या लोखंडी कर्ण्यातून बेंजो फाडत होता. सगळं वऱ्हाड नाचतंय आणि वरपक्षाकडचे मानकरी साडभाऊ फेटा सावरत थेट गाडीवर चढले. पोराच्या खांद्याला धरून म्हणाले, "काऊन बे, तू तेहरानचा हाय का?" पोरगा घाबरून म्हणाला, "नाई जी, अमडापूरचा." मग पट्टी दाबून तार किंचित ओढली की मधला सूर कसा निघतो ते साडभाऊंनी त्याला तिथेच शिकवलं. नवरदेव घोड्यावर ताटकळला. पण वरात पुन्हा निघाली तेव्हा त्या बेंजोतून असं काही निघालं की घोडासुद्धा गंभीर झाला. पुढे तो पोरगा भीमजयंतीच्या मिरवणुकीत तसंच वाजवू लागला आणि लोक त्याला लांबून बोलवायला लागले. बेंजोवाले खूप आहेत, पण हा वाजवतो तेव्हा म्हातारी माणसं ओट्यावरून उठून उभी राहतात.

चहा ते बशीत ओतत, पण साखर घालून नाही. शेगावहून आणलेल्या प्रसादाच्या खडीसाखरेचा खडा दातांत धरून त्यावरून चहा ओढत. बेहरूज असाच प्यायचा म्हणे. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणायची, "गजानन महाराजाचा परसाद अन् इराणचा चहा! दोन्हीकडचे देव वरतं डोकं धरून बसले असतीन."

आणि नवरोज, म्हणजे इराणचा पाडवा. मार्चमधल्या त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी अंघोळ करून त्यांच्याकडे हजर व्हायचं. पांढऱ्या चादरीवर सफरचंद, लसूण, वाटीत शिरका म्हणजे व्हिनेगर, असं काय काय मांडलेलं असे. ताई मध्येच वाकून लसणाच्या दोन पाकळ्या फोडणीला परत नेई, तेव्हा ते डोळे मिटून घेत. मग ती कॅसेट लागे. वर्षातून एकदाच. बेहरूजचा बँड, बेहरूजचा आवाज. इराणात राज्य पालटलं तेव्हा तो घाईघाईनं परत गेला आणि जाताना ही कॅसेट साडभाऊंच्या हातात ठेवून गेला. तिकडे असल्या गाण्यांवर बंदी आली. कोणी देश सोडला, कोणी गिटार माळ्यावर टाकलं. बेहरूजच्या आईनं भीतीपोटी घरातल्या सगळ्या टेपा तंदूरमध्ये जाळल्या, हे पुढे कळलं. साडभाऊंना एवढंच ठाऊक होतं की आपल्याकडची फीत झिजता कामा नये. कॉपी करू देत नसत. "घासते ते," म्हणत. म्हणून वर्षातून एकदाच.

ते गाणं मी इतकी वर्षं ऐकलं. जड, खोल, विहिरीतून पोहरा वर यावा तसा आवाज. त्यावर साडभाऊंचा एक सिद्धान्तच होता. "पुढं काय होनार हाय ते त्या पोराइले आधीच समजलं होतं. म्हनून ते इतकं हळू गाऊन राह्यले." आम्ही माना डोलावायचो. ताईसुद्धा पदर डोळ्याला लावायची, आणि तिला लसणाशिवाय कशानं पाणी येत नाही.

अलीकडे जगभरातल्या पोरांना ह्या जुन्या इराणी गाण्यांचं वेड लागलंय. इंटरनेटवर लोक एकमेकांना कॅसेटांचे फोटो दाखवतात. साडभाऊंनीही आपल्या कॅसेटचा फोटो टाकला, आणि वरचं बापाचं हस्ताक्षर ओळखून बेहरूजच्या लेकीनं त्यांना लिहिलं. बाप दोन वर्षांपूर्वी गेला. तिच्या जन्मानंतर तो कधीच गायला नाही. विचारलं तर म्हणायचा, मी नाही, दुसरा कोणी असेल.

साडभाऊ हलले. एवढी मोठी गोष्ट, म्हणून त्यांनी मशीन नीट करायला काढलं. आतला, कॅसेटची चाकं फिरवणारा पट्टा फार वर्षांपूर्वी तुटला होता. मलकापुरात मिळेना म्हणून त्यांनी तेव्हा सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलेलं. आता खरा पट्टा मागवून घातला, आणि चाचणी न घेता, फीत झिजू नये म्हणून, मशीन तसंच ठेवलं.

मोबाइलमध्ये ती आली. चाळिशी ओलांडलेली, मागे स्वयंपाकघर. साडभाऊ पाठ केलेली फारसी तिच्या अंगावर घालून मोकळे झाले आणि त्यांनी बटण दाबलं.

एक पोरगा गाऊ लागला. झपाझप. हसत, उड्या मारत. ठेका नाचाचा, गिटार खिदळणारं. वरातीत वाजावं असं गाणं.

साडभाऊंनी टेपकडे असं पाहिलं जसं त्यानं भर पंगतीत शिवी दिली. सिद्धान्त, नवरोज, ताईचा पदर, सगळं एका कडव्यात वाहून गेलं. ट्यूबचं रबर वर्षावर्षाला सैल होत गेलं होतं, टेप वर्षावर्षाला हळू, आणि वर्षातून एकदाच ऐकणाऱ्या आम्हाला पत्ता लागला नव्हता.

गाणं संपलं. ती बाई सभ्यपणे हसली. इंग्रजीत म्हणाली, "सुंदर आहे. पण हे माझे बाबा नाहीत. हा कुणीतरी मुलगा आहे."

"तोच हाय," साडभाऊ मराठीतच म्हणाले. मग सावरून इंग्रजीत.

"बाबांचा आवाज मी ओळखते," ती म्हणाली, आणि तिचं तोंड बारीक झालं. एवढ्या लांबून मोबाइलमध्ये येऊन ती रिकाम्या हातानं परत निघाली होती.

साडभाऊंनी टेप पुढ्यात ओढला. त्यांनी मशीन उघडलं, नवा पट्टा काढला आणि डबीतलं जुनं रबर चढवलं.  ती थांबून पाहत राहिली. बटण दाबलं. तोच आवाज, पण जड, खोल, थकलेला.

दुसऱ्याच शब्दाला तिनं तोंडावर हात ठेवला. मग कितीतरी वेळ नुसती मान हलवत होती. म्हातारपणी, आजारात, तिचा बाप असाच बोलायचा म्हणे. घोगरा, शब्दाशब्दावर टेकत. गाता बाप तिनं कधी पाहिला नव्हता. पण पाहिला असता तर तो असाच गायला असता. "हे बाबाच," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर साडभाऊ ओट्यावर येऊन बसले. ताईनं चहा आणला, त्यांनी घेतला नाही. "मी त्याच्यासंग एका खोलीत राह्यलो," ते म्हणाले. "तो रोज गाये. झपाझपच गाये, हासून हासून. मले ओळखू याले पाह्यजे होता का नाई? मले तं तो आठवतच नोता. मले टेप आठवत होती."

त्यांनी ते गाणं दोन्ही पट्ट्यांवर वाजवून तिला पाठवून दिलं. पहिल्यांदाच कॉपी करू दिली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. मी विचारलं, "साडभाऊ, तुम्ही स्वतः आता कोणतं ऐकता?"

"मशीन खोललेलंच हाय अजून, दोनी पट्टे बाहेर," ते म्हणाले.